मत्स्यकन्येचा चकवा

थोरल्या संपादकांच्या कानात खोटं सांगायचा दिवस आला, तेव्हा मूळपुरुष इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत आले.

हे जरा उलगडून सांगायला हवं. ही कचेरी शब्दकोशाची होती. इंग्रजी शब्द, समोर त्याचा आपल्या भाषेतला अर्थ आणि खाली बारीक अक्षरांत तो शब्द कुठून आला याची हकिगत, असा तो जाडजूड कोश. बारीक अक्षरांतली ही हकिगत लिहायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना सगळी कचेरी तोंडावर मूळपुरुष म्हणे आणि पाठीमागे मूळव्याध. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती. शब्दाचं मूळ सापडेपर्यंत ते स्वतः धड बसत नसत आणि दुसऱ्यालाही बसू देत नसत, तेव्हा दुसऱ्या नावातही तथ्य आहे हे ते खासगीत कबूल करत.

आता कोश करणाऱ्याला भीती कसली, तर चोरांची. एकानं उभं आयुष्य घालवून शब्द गोळा करावेत आणि दुसऱ्यानं ते आयते उचलून आपल्या नावावर छापावेत, हा या धंद्यातला जुना रोग. बरं, चोराला धरायचं कसं? शब्द काही कुणाच्या बापाचे नसतात. ‘समुद्र’चा अर्थ तुम्हीही समुद्र लिहिणार आणि चोरही समुद्रच लिहिणार. म्हणून या कचेरीत एक रीत होती. दर आवृत्तीत एक खोटी गोष्ट जाणूनबुजून घालायची. तिला म्हणायचं चकवा. दुसऱ्याच्या कोशात तीच खोटी गोष्ट दिसली की चोर मुद्देमालासकट सापडला. चकवा फक्त दोघांना माहीत असायचा, घालणाऱ्याला आणि थोरल्या संपादकांना. तो कानात सांगायचा, कागदावर लिहायचा नाही, कारण कागदाला पाय फुटतात. पुढच्या आवृत्तीत तो गुपचूप काढून टाकायचा आणि नवा घालायचा.

चकवा घालण्याचं काम मूळपुरुषांचं होतं आणि आजवर ते त्यांनी शहाण्यासारखं केलं होतं. खोगिराचं बकल, बोटीच्या शिडाची कसलीशी कडी, असले शब्द ते निवडत. तिकडे वाचक फिरकत नसे. खोटं कुणाला लागत नसे. मूळपुरुषांचा जीव खऱ्यात अडकलेला. इतक्या वर्षांत तो एक चकवा सोडला तर त्यांच्या हातून चुकीचं मूळ गेलं नव्हतं.

पण या खेपेला गोष्ट वेगळी होती. ही आवृत्ती झाली की थोरले संपादक निवृत्त होणार होते. त्यांची खुर्ची हक्कानं मूळपुरुषांची. मूळपुरुषांच्या बायकोनं तर त्या खुर्चीच्या मापाची उशीही शिवून ठेवली होती आणि इमारतीतल्या सगळ्या बायकांना ती दाखवून झाली होती. फक्त मालक तेवढे ‘बघू’ म्हणत होते. मालकांना पलीकडच्या रस्त्यावरच्या कोशवाल्यांनी जेरीस आणलं होतं. ते चोर आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते कधी सापडत नव्हते. त्यांना जो धरून देईल त्याला मालक ‘बघू’ म्हणणार नव्हते. तेव्हा मूळपुरुषांनी ठरवलं की या वेळचा चकवा असा हवा की चोरानं हात घातल्याशिवाय राहूच नये.

त्यांनी शब्द निवडला ‘मरमेड’. मत्स्यकन्या.

या शब्दाचं खरं मूळ म्हणाल तर अगदीच सरळ. जुन्या इंग्रजीत ‘मिअर’ म्हणजे समुद्र किंवा तळं, आणि ‘मेड’ म्हणजे मुलगी. समुद्रातली मुलगी, झालं. मूळपुरुषांनी ते काढून टाकलं आणि त्या जागी लिहिलं की मर्म नावाच्या एका बेटावर मिठागरं होती. तिथल्या बायका दिवसभर कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून काम करायच्या. लांबून जाणाऱ्या खलाशांना त्या अर्ध्याच दिसायच्या. घरची आठवण काढत जाणाऱ्या त्या लोकांनी उरलेली अर्धी बाई मनानंच पुरी केली, आणि पाण्याखाली काय असणार म्हणून तिला माशाचं शेपूट लावलं. त्याच या मर्मच्या मुली, म्हणजे मरमेड.

बेट खोटं, मिठागरं खोटी, बायका खोट्या. मूळपुरुषांनी ते लिहून दोनदा वाचलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. इतकं चांगलं त्यांनी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

थोरल्या संपादकांनी कान पुढे केला, सगळं ऐकलं, मान डोलावली आणि ते पुन्हा ‘पी’च्या मुद्रितांत बुडाले.

इथवर सगळं रीतसर झालं. घोळ झाला तो पुढच्या रविवारी, मूळपुरुषांच्या घरी.

मूळपुरुषांना एक साडू होते. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त मुख्याध्यापक, आवाज खणखणीत, वाचनालयांतून व्याख्यानं देत फिरायचे. पंखा बंद पडला तरी हे थांबत नसत. ‘शब्दांच्या गमती’ हा त्यांचा हुकमी विषय आणि त्या गमती कुठून येतात हे मूळपुरुषांना पक्कं माहीत होतं, कारण प्रत्येक गंमत त्यांच्या बारीक अक्षरांतून मोठ्या आवाजात गेलेली असायची. पण आपलेच दात, आपलेच ओठ. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला चोर कोण म्हणणार?

तर त्या रविवारी साडू आणि ताई चहाला आले. मूळपुरुष शर्ट बदलायला आत गेले. टेबलावर मुद्रितं पसरलेली होती आणि ‘मरमेड’चं पान नेमकं वर होतं. मूळपुरुष बाहेर आले तेव्हा साडू खिडकीतून बाहेर बघत होते. इतक्या निर्विकार चेहऱ्यानं खिडकीतून बघणारा माणूस एरवी संशयास्पदच वाटायला हवा होता, पण मूळपुरुषांचं लक्ष शर्टाच्या बटणांकडे होतं.

त्याच आठवड्यात साडूंनी एका वाचनालयात मर्म बेटाची गोष्ट सांगितली. लोक म्हणे खुर्च्यांवरून उठलेच नाहीत. एका बाईंनी डोळे पुसले. सभेला वार्ताहर होता, त्यानं महिन्याभरानं रविवारच्या पुरवणीत ती सगळी छापली. वार्ताहरानं विचारलं की ही माहिती मिळाली कुठे, तेव्हा ‘साडूच्या टेबलावर’ असं काही सांगता येईना. म्हणून साडूंनी सांगून टाकलं की एका म्हाताऱ्या खलाशाकडून.

मूळपुरुषांनी पुरवणी वाचली आणि कपाळाला हात लावला. पण कोश छापून झाला होता, बांधणीला गेला होता. काही दिवसांत तो बाजारात येईल आणि हे सगळे लोक विसरतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

लोक विसरले नाहीत. शाळाशाळांतून मर्मच्या मुलींवर नाटुकली झाली. पोहण्याच्या तलावावर बायकांच्या गटानं आपलं नाव ‘मर्म मंडळ’ ठेवलं. एका मिठाच्या दुकानदारानं पिशवीवर शेपटीवाली बाई छापली. थोरले संपादक निवृत्त होऊन घरी बसले, आणि खुर्ची रिकामी राहिली, कारण मालक अजून ‘बघू’च म्हणत होते.

मग तो सोन्याचा दिवस उगवला. पलीकडच्या रस्त्यावरचा कोश निघाला आणि त्यात ‘मरमेड’खाली मर्म बेट, मिठागर, कमरेइतकं पाणी, सगळं अगदी स्वल्पविरामासकट होतं. मूळपुरुष तो कोश काखेत मारून मालकांच्या खोलीत गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते दारावर टकटक न करता गेले. हा चकवा आहे, मीच घातलाय, चोर सापडला, असं त्यांनी एका दमात सांगितलं. मालकांनी उठून त्यांना चहा पाजला आणि त्याच दिवशी वकिलाकडून पलीकडच्यांना नोटीस धाडली. बायकोनं घरी उशीला नवा अभ्रा घातला.

नोटिशीचं उत्तर लगेच आलं. पलीकडचे म्हणत होते, आम्ही तुमच्या कोशातून काही घेतलेलं नाही. आम्ही वर्तमानपत्रातून घेतलं, हे कात्रण. तुमचा कोश त्याच्यानंतर बाहेर आला. तेव्हा चोरी झालीच असेल तर तुमच्याकडे झाली. आणि हो, ज्यांच्या व्याख्यानातून ती झाली ते गृहस्थ तुमच्या व्युत्पत्ती लिहिणाऱ्यांचे सख्खे साडू आहेत असं कळतं, तेवढी घरगुती चौकशी आपणच करावी.

मालकांनी मूळपुरुषांना बोलावलं. या वेळी चहा नव्हता.

“तुम्ही साडूंचं चोरलंत?” मालकांनी विचारलं.

 चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मूळपुरुषांनी ऐकल्या होत्या, पण त्या बोंबा अशा स्टेपलर मारलेल्या कात्रणासकट येतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते म्हणाले की गोष्ट मुळात खोटी आहे, खोटी गोष्ट कुणी चोरून कशाला छापेल? त्यांनी आपल्या टेबलावरचा परदेशी कोश उचलून आणला. दोन्ही हातांनी उचलावा लागे असा तो. त्यात सरळ लिहिलं होतं, मिअर म्हणजे समुद्र.

मालकांनी वाचलं आणि चष्मा काढला.

“हा त्यांचा चकवा नसेल कशावरून?”

मूळपुरुषांनी कोश मिटला.  मालक म्हणाले, तुमचा चकवा दोघांना माहीत असतो ना, मग चला थोरल्यांकडे.

थोरले संपादक घरी कुंड्यांना पाणी घालत होते. निवृत्त झाल्यापासून ते शब्दांकडे ढुंकून बघत नव्हते. मूळपुरुषांनी त्यांना हात जोडून आठवण करून दिली, तुमच्या कानात सांगितलं होतं, मर्म बेट, चकवा. थोरल्यांनी झारी खाली ठेवली. चकवा ना, ते म्हणाले, आठवतोय की, खोगिराचं बकल. मूळपुरुष म्हणाले, ते मागच्या खेपेचं. थोरले म्हणाले, छे, मागच्या खेपेला शिडाची कडी. आणि मर्म बेटाचं तर खरंच आहे, नातीला मी परवाच सांगितलं, दोन दोन कोशांत आलंय, वर्तमानपत्रात आलंय, ते खोटं कसं असेल? मग त्यांनी मालकांना मोगऱ्याचं रोप दाखवलं.

 परतताना गाडीत मूळपुरुषांना एवढं स्वच्छ दिसलं की आता आपली खुर्ची एकाच माणसाच्या हातात आहे. साडूंनी कबूल केलं की मी ते टेबलावर वाचलं, तर ती मिळणार. नाहीतर आपण जन्माचे चोर.

साडूंकडे ते एकटेच गेले. बैठकीच्या खोलीत पुरवणीचं कात्रण चौकटीत लावून भिंतीवर टांगलं होतं. मूळपुरुष त्याच्याकडे पाठ करून बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं, रागावून नाही, अगदी गयावया करून. गोष्ट माझी आहे, मी रचलेली आहे, खोटी आहे. तुम्ही फक्त एवढंच म्हणा की माझ्या टेबलावर वाचली.

साडूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते जड आवाजात म्हणाले, “साडू, वाईट वाटून घेऊ नका. पण ही गोष्ट तुम्ही रचलीत?”

“हो.”

“तुम्ही? तुमच्या लग्नाला मी हजर होतो. भाजी कुठल्या गल्लीतून आणली हे सांगतानासुद्धा तुम्ही आधार देता. तुमच्याच्यानं हे होईल?”

मूळपुरुषांना मनातल्या मनात ते पटलं. त्यातच त्यांचा घात झाला. तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही, विचारलं, मग तुम्हाला कुणी सांगितली?

“खलाशानं.”

“कुठल्या खलाशानं?”

“एका डोळ्यानं अधू होता बिचारा,” साडू म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

तेव्हा मूळपुरुषांच्या ध्यानात आलं की साडू खोटं बोलत नाहीयेत. त्यांनी तो खलाशी इतक्या व्याख्यानांत इतक्यांदा उभा केला होता की तो आता त्यांच्या घरी येऊनजाऊन असावा. टेबलावरचं पान केव्हाच पुसलं गेलं होतं. खोट्या माणसाला कोंडीत पकडता येतं. श्रद्धाळू माणसाला काय करणार? ताईंनी आतून चहा आणला. मूळपुरुष तो प्यायले आणि घरी आले.

मालक धंद्यातले होते. त्यांनी रात्रभर विचार केला नाही, दुपारच्या जेवणापर्यंतच केला. गोष्ट साडूंची ठरलीच आहे, तर साडूच आपले करून घ्यावेत. साडू या कचेरीचे थोरले संपादक झाले की गोष्ट कचेरीची झाली, आणि पलीकडच्यांनी वर्तमानपत्रातून उचलली तरी ती आपल्याच संपादकांची उचलली. म्हणजे चोर पुन्हा तेच. वकिलालाही हे पसंत पडलं. मालकांनी मूळपुरुषांना बोलावून मोठ्या मनानं सांगितलं की झालं गेलं विसरून जाऊ, तुमची नोकरी आहे तशीच राहील, आणि घरचाच माणूस वर आला याचा तुम्हालाही आनंद असेल.

घरी बायकोनं ते ऐकलं. मूळपुरुषांना वाटलं होतं ती आदळआपट करेल. तिनं कपाटातून उशी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

“घेऊन जा. भावोजींना कडक खुर्ची सोसत नाही.”

“अगं, पण ती तू माझ्यासाठी...”

“खरंच तुम्ही रचली होती का ती गोष्ट?” तिनं मधेच विचारलं.

“हो.”

“मग माझ्याशी का नाही बोललात कधी असं?”

मूळपुरुषांकडे याला काही आधार नव्हता. ते उशीचा अभ्रा सरळ करत बसले. खुर्ची गेल्याचं दुःख त्यांना तोवर झालंच नव्हतं, ते आत्ता झालं.

साडू कचेरीत रुळले. खणखणीत आवाजामुळे मुद्रितं वाचणाऱ्यांना कानात कापूस घालावा लागला, एवढी एक गोष्ट सोडली तर त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती. त्यांनी एक नवी पद्धत मात्र आणली. इतकी वर्षं कोशात कुणाचंच नाव नसायचं. आता जी व्युत्पत्ती ज्यानं शोधली, त्याचं नाव तिच्याखाली द्यायचं. नव्या आवृत्तीत ‘मरमेड’खाली मर्म बेट तसंच राहिलं, ते काढा म्हणायची सोयच नव्हती, आणि त्याखाली साडूंचं नाव आलं. मूळपुरुषांनी त्या पानाची मुद्रितं स्वतः तपासली. एका स्वल्पविरामापुढे ते बराच वेळ थांबले. तो त्यांनी फार विचार करून घातला होता.

त्याच पानावर ‘मरमेड’च्या खाली ‘मरमॅन’ होता. मत्स्यपुरुष. त्याची व्युत्पत्ती मागच्या आवृत्तीत मूळपुरुषांनी कोरी सोडली होती, कारण तिथे खरं लिहिलं असतं तर वरचं खोटं उघडं पडलं असतं. व्याख्यानाला कुणी विचारलंच, मग मरमॅन कोण, तर साडू सांगत की त्या बायकांना दुपारचे डबे घेऊन येणारे नवरे. त्यावर हशा यायचा आणि प्रश्न मिटायचा. पण डबेवाल्या नवऱ्यांची गोष्ट कोशात छापायला साडूसुद्धा धजले नव्हते. जागा कोरीच होती.

मूळपुरुष त्या कोऱ्या जागेकडे दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी ते उठले आणि साडूंच्या खोलीत गेले. साडू उशीवर बसून लोणी लावलेला पाव खात होते.

“या खेपेचा चकवा सांगायचाय,” मूळपुरुष म्हणाले.

साडूंनी पाव बाजूला ठेवून गंभीरपणे कान पुढे केला. ही रीत त्यांना फार आवडली होती. मूळपुरुष वाकले.

“मरमॅन. मिअर म्हणजे समुद्र, मॅन म्हणजे पुरुष. समुद्रातला पुरुष.”

साडू कान तसाच ठेवून वाट बघत राहिले.

“पुढे?”

“पुढे काही नाही.”

“बस्स? एवढंच?” साडू सरळ होऊन बसले. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं. चकवा जरा तरी खरा वाटायला हवा, ते समजावणीच्या सुरात म्हणाले. यात ना बेट, ना माणूस, ना दुःख. हे तर शाळेतलं पोरही ओळखेल की मारूनमुटकून बसवलंय. पलीकडचे याला हातही लावणार नाहीत.

मूळपुरुष म्हणाले, नाही लावला तर नाही. आमच्यासारख्याला एवढंच सुचतं. या खेपेला सांभाळून घ्या.

साडू हळहळले. माणूस म्हणून ते वाईट नव्हतेच. घरातल्या माणसाचं एवढंसं मन राखायला काय जातं, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावरून सावकाश गेला.

“बरं, जाऊ दे. छापा,” ते म्हणाले आणि त्यांनी पाव पुन्हा उचलला. “पण त्याच्याखाली माझं नाव घालू नका हं. लोक हसतील.”

“नाही,” मूळपुरुष म्हणाले, “माझं घालतो.”